जुन्या गाडीच्या धंद्यात आता विकायचं काय?

जिल्ह्याच्या गावात जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्या कुणालाही विचारा, तक्रार एकच असते. गिऱ्हाईक येतं, गाडीभोवती दोन फेऱ्या मारतं, मोबाइल काढून पुण्यातला भाव दाखवतं आणि "सांगतो" म्हणून निघून जातं. भाव आता कुणाचंच गुपित राहिलेला नाही, हे खरं आहे. म्हणूनच, माझ्या मते, लहान व्यापाऱ्याने भावावर झुंजणं सोडून द्यावं. मोबाइलवर न दिसणाऱ्या दोनच गोष्टी उरल्या आहेत: गाडीची खरी हालत आणि कागद वेळेत नावावर होणं. गिऱ्हाईक याचेच पैसे द्यायला तयार आहे.

आधी मागणीचं बघू. दहा वर्षांपूर्वी डिझेल स्विफ्ट किंवा डिझायर आवारात लावली की ती आठवडाभर टिकत नसे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराचे कडक नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. बीएस-६ डिझेलला धूर गाळणारा डीपीएफ असतो. गाडी रोज चार-पाच किलोमीटरच फिरली तर तो तापत नाही, काजळी साचून तुंबतो आणि दिवा लागतो. शाळा, दुकान, घर एवढंच फिरणाऱ्या माणसाला अशी गाडी देऊ नये. सहा महिन्यांत तो परत दारात येईल. रोजचं अंतर मोठं असलेलं गिऱ्हाईक आता सीएनजी मागतं. घरात दोघं-तिघं गाडी चालवत असतील तर ऑटोमॅटिकची विचारणा होते. बाकी सगळ्यांना उंच बसायची गाडी हवी. २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या नव्या प्रवासी गाड्यांपैकी सुमारे ६५ टक्के एसयूव्ही आणि तत्सम होत्या. हाच माल तीन-चार वर्षांनी जुन्या बाजारात उतरणार, तेव्हा आवारातली जागा आणि भांडवल त्या हिशोबाने आत्तापासून वळवायला हवं.

दुसरा धक्का २२ सप्टेंबर २०२५ चा, घटस्थापनेच्या दिवसाचा. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का सेस होता, तो सरळ १८ टक्क्यांवर आला. शोरूमची किंमत ७,००,००० असलेली गाडी घ्या. तिची मूळ किंमत साधारण ५,४२,६०० निघते, त्यावर १८ टक्के लावले की ६,४०,३००. म्हणजे जवळपास साठ हजारांचा फरक. नवी गाडी साठ हजारांनी उतरली की दोन वर्षं वापरलेली त्याच जातीची गाडी जुन्या भावाला कोण घेईल? ऑगस्टमध्ये चढ्या भावाने माल भरलेल्यांना तो दसऱ्याला पडेल भावात काढावा लागला. पाच-सहा वर्षांहून जुन्या गाडीला हा फटका कमी बसतो, कारण तिचं गिऱ्हाईक नव्या गाडीकडे बघतच नाही. एक ते तीन वर्षांची गाडी खरेदी करताना नव्या गाडीचा त्या दिवशीचा ऑनरोड भाव, चालू सवलतींसकट, आधी काढावा. मागच्या महिन्याचा भाव धरून सौदा करू नये.

नफ्याचा हिशोब कागदावर मांडला की बऱ्याच गोष्टी उघड होतात. समजा गाडी ४,००,००० ला घेतली, १८,००० डेंटिंग-पेंटिंग, टायर आणि सर्व्हिसिंगला गेले आणि ४,५०,००० ला विकली. फरक ५०,००० चा. नोंदणीकृत व्यापाऱ्याला या फरकावर जीएसटी भरावा लागतो. पूर्वी लहान गाड्यांना १२ टक्के होता, जानेवारी २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला. दुरुस्तीचे १८,००० या फरकातून वजा होत नाहीत. विक्री वजा खरेदी, एवढंच धरतात. कर झाला ९,०००. गिऱ्हाईक तो वेगळा देत नाही, आपल्याच खिशातून जातो असं धरा. उरले २३,०००. आता भांडवल १४ टक्क्यांनी उचललेलं असेल तर चार लाखांवर दिवसाला दीडशे रुपये व्याज चढतं. तीस दिवसांत गाडी गेली तर साडेअठरा हजार हातात, नव्वद दिवस उभी राहिली तर साडेनऊच्याही खाली, आणि त्यात जागेचं भाडं धरलेलंच नाही. म्हणून पंचेचाळीस दिवस झालेली गाडी भावात थोडी पडली तरी काढावी. "चांगलं गिऱ्हाईक येईल" म्हणत धरून ठेवलेल्या गाडीची बॅटरी बसते, टायरला सपाट ठिपका पडतो, ब्रेक डिस्कवर गंज धरतो. वर त्याचाही खर्च.

आता तपासणी. ही नीट लिहून गिऱ्हाइकाच्या हातात दिली तर तेवढ्यावर पाच-दहा हजार जास्त मिळतात, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या भागात सर्वांत आधी बघायची ती पाण्यात उभी राहिलेली गाडी. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. अशा वेळी पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून बाजारात येतात. सीटचा पट्टा पूर्ण ओढा, अगदी थांबेपर्यंत. रिळाजवळचा शेवटचा हातभर पट्टा एरवी गुंडाळलेलाच असतो, तो कुणी धुत नाही. तिथे मातकट रेघ किंवा कडकपणा दिसला तर पाणी कुठवर चढलं होतं ते कळतं. पट्टा कोरा करकरीत असेल तर त्याच्या तळाशी शिवलेल्या चिठ्ठीवरची तारीख वाचा. २०१७ च्या गाडीला २०२१ चा पट्टा का, हे विचारा. मग ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट उचलून खालचा फोम बोटांनी दाबा. वरून कोरडा वाटला तरी तळाला ओल धरून राहतो. सीटच्या रुळाचे बोल्ट, स्टेपनीच्या खड्ड्याचा तळ, फ्यूजपेटीच्या कनेक्टरवर हिरवट बुरशीसारखा थर, हे सगळं पाच मिनिटांत बघून होतं. एअरबॅगचा कंट्रोलर बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगत असतो. त्यामुळे गुडघाभर पाणी आत शिरलं तरी तो बिघडायला पुरे. गाडी आज चालते आणि चार महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागतो. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र आता लहान व्यापाऱ्यालाही परवडतं. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा मारलेला दोनशेच्या वर, आणि पाचशेच्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी आहे. दार किंवा फेंडर रंगवलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही, आपल्या रस्त्यांवर ते होतंच. छप्पर, खांब आणि पुढचा एप्रन (बॉनेटखालचा बाजूचा पत्रा) इथे आकडा वाढला तर गाडी जोरात आपटली आहे. प्लास्टिकच्या बंपरवर ते यंत्र चालत नाही, तिथे डोळाच लागतो.

मीटर मागे फिरवलेला ओळखायला टायर उपयोगी पडतो. बाजूवरचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१८ ची गाडी मीटरवर २८,००० दाखवते आणि चारही टायर २०२३ चे आहेत, तर पहिला जोड एवढ्यात झिजला कसा? क्लच पेडलचं रबर आणि स्टेअरिंगची झालेली गुळगुळीत कड यांच्याशी ते ताडून बघा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नोंदी काढून मागाच.

सीएनजी गाडीत टाकीवरची पाटी वाचायची. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. किट बाहेर बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलंय का आणि विम्यात नोंद आहे का, दोन्ही बघा. नोंद नसेल तर दावा अडतो.

कागदांत सर्वांत जास्त घाण होते ती सह्या केलेल्या कोऱ्या टीटी फॉर्ममुळे, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जांमुळे. मूळ मालकाकडून फॉर्म २९ आणि ३० वर सही घ्यायची, गाडी तीन हातांतून फिरवायची आणि शेवटच्या माणसाच्या नावावर करायची, ही जुनी रीत. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, म्हणजे भुर्दंड बिचाऱ्या पहिल्या मालकाला. १ एप्रिल २०२३ पासून यावर सरळ वाट आहे. आरटीओकडे फॉर्म २९ए भरून अधिकृत व्यापारी म्हणून प्रमाणपत्र घ्यायचं, ते पाच वर्षं चालतं. मग गाडी ताब्यात घेताना २९सी ऑनलाइन भरला की तिची जबाबदारी व्यापाऱ्यावर येते. अशी गाडी चाचणी, दुरुस्ती, रंगकाम वगैरे कामांपुरतीच बाहेर काढता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते. विकणाऱ्याला हे समजावून सांगा. त्याची चिंता मिटते आणि तो दोन पैसे कमी घ्यायलाही तयार होतो.

बँकेचा बोजा असेल तर सौद्याच्या दिवशीच बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात हवं. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत) आणि इथला कर धरूनच भाव बोला. विकणाऱ्याचा जुना मोबाइल नंबर बंद पडलेला असेल तर ओटीपी त्यावर जातो आणि ट्रान्सफर तिथेच अडकतं, म्हणून इसार देण्याआधी नंबर चालू आहे का ते बघा. थकलेली ई-चलानंही तेव्हाच तपासा.

विम्यात गिऱ्हाइकाचा गैरसमज हमखास होतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जास्तीत जास्त ५० टक्के, हा मालकाचा असतो, गाडीचा नाही. फरकाची रक्कम नव्या मालकाला भरावी लागते. विमा नावावर करायला १४ दिवसांत अर्ज हवा. तो झाला नाही तर समोरच्याच्या नुकसानीचा भाग चालू राहतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते. ही रक्कम आधीच भावात धरून सांगितली तर शेवटच्या क्षणी सौदा मोडत नाही.

आणि डिलिव्हरी चिठ्ठीवर तारखेबरोबर वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या. त्याच दिवशी सकाळी अकराचं चलान आलं आणि गाडी दुपारी एकला दिली, तर ते कुणी भरायचं हे त्या चिठ्ठीवरूनच ठरतं.