मार्जरीची पेन्शन अखेर मार्गी लागली

मंडळी, गाडं हललं! आठव्या हेन्रीच्या इंग्लंडातल्या माझ्या कादंबरीची नायिका, नन मार्जरी, गेल्या नोंदीपासून यॉर्कच्या वेशीवर अडकून पडली होती आणि तिच्यामुळे कादंबरीचा अख्खा उत्तरार्ध.

पेच असा होता. मला ती १५३६ च्या ऑक्टोबरात, मठ मोडण्याविरुद्ध उठलेल्या रॉबर्ट आस्कच्या बंडात हवी, ख्रिस्ताच्या पाच जखमांच्या निशाणाखाली. आणि तीच १५३९ मध्ये पेन्शनचा शिक्क्याचा कागद जपणारी माजी नन म्हणूनही हवी. पण मठ मोडण्याचा हेन्रीचा १५३६ चा कायदा वर्षाला २०० पौंडांहून कमी उत्पन्नाच्या मठांपुरता होता, आणि त्यात पेन्शन मिळे ती फक्त मठाच्या प्रमुख बाईंना. बाकीच्यांनी एक तर मोठ्या मठात जायचं, नाही तर संसारी कपडे घालून घरची वाट धरायची. सरसकट सगळ्यांना पेन्शन लागली ती पुढे मोठे मठ राजाच्या ताब्यात जाऊ लागले तेव्हा. म्हणजे बंडातल्या मार्जरीला पेन्शन नाही आणि पेन्शनवाल्या मार्जरीला बंड नाही.

तोडगा कायद्यातच होता: मोठ्या मठात बदली! तिचा लहान मठ १५३६ च्या उन्हाळ्यात मोडतो, ती भावाकडे जाते. ऑक्टोबरात आस्क यॉर्कमध्ये शिरतो आणि हाकललेल्यांनी आपापल्या मठात परतावं असा हुकूम काढतो, तेव्हा ती परतते. बंड चिरडल्यावर मोठ्या मठात दाखल होते आणि १५३९ मध्ये तोही गेला की तिला वर्षाला दोन पौंड. मजुराचा रोज चार पेन्स धरला तर ही १२० दिवसांची मजुरी झाली. एकट्या बाईनं त्यावर वर्ष काढायचं. लग्नाचीही सोय नाही, कारण त्याच वर्षीच्या सहा कलमांच्या कायद्यानं ब्रह्मचर्याची शपथ घेतलेल्यांचं लग्न हा गंभीर गुन्हा ठरवला होता. मठ राजानं मोडला, शपथ मात्र कायम ठेवली. या अन्यायानं मी अजून पेटून उठते, आणि कादंबरीचा जीव तिथेच आहे.

एवढं जुळलं आणि लगेच दुसरी गाठ. खलनायक मार्जरीला धमकावतो ते कशाच्या जोरावर? बंडात मठात परतली म्हणून? पण डिसेंबर १५३६ मध्ये बंडखोरांना सरसकट माफी जाहीर झाली होती. माफी मिळालेल्या गुन्ह्याची धमकी कोण जुमानेल? इथे मी फार डोकं आपटलं. सुटका केली सर फ्रान्सिस बिगडनं. जानेवारी १५३७ मध्ये त्यानं पुन्हा उठाव केला, आणि त्या उठावाला माफीचं कवच नव्हतं. राजाला सूड घ्यायला निमित्त मिळालं, जुलैत आस्कलाही यॉर्कमध्ये फाशी झाली. बिगडच्या त्या उठावात माझी मार्जरी त्याची एक चिठ्ठी पोचवते. एकच चिठ्ठी, पण माफीनंतरची.

तारखांबद्दल एक सांगते. त्या काळी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे हा जानेवारी तेव्हाच्या कागदांत १५३६ चाच, आणि आठव्या हेन्रीचं राजवर्ष, म्हणजे तो गादीवर आल्यापासून मोजलेलं वर्ष, २८ वं. शिवकालीन कागदांत राज्याभिषेक शक आणि शुहूर सन लावून पाहिलेल्यांना हे जड जाणार नाही. लेखनाच्या सॉफ्टवेअरमधली सजवलेली कालरेषा इथे कुचकामी आहे. साधी स्प्रेडशीट घ्या आणि राजवर्ष, तेव्हाचं वर्ष, आपलं वर्ष असे तीन रकाने करा. हेन्रीच्या राजवटीतल्या कागदपत्रांचे ‘लेटर्स अँड पेपर्स’मधले सारांश ऑनलाइन फुकट वाचता येतात, तेव्हा जुन्या छापील खंडांवर पैसे घालू नका. मी मागवलेल्या खंडात मधला फर्माच गायब होता आणि विक्रेता दाद देईना.

सहावं प्रकरण मात्र मनासारखं उतरलंय. यॉर्कशरमधला रोश मठ मोडला त्याची हकीकत मायकेल शेरब्रुक या धर्मगुरूनं लिहून ठेवली आहे. छपराचं शिसं वितळवायला लोकांनी गायकवृंदाची लाकडी आसनं जाळली, जवळच मुबलक लाकूड असताना! मी मार्जरीला त्या भट्टीशेजारी उभं केलंय. आसनाच्या हातावरची, बोटांनी घासून गुळगुळीत झालेली जागा तिला ओळखू येते आणि तेवढ्यात ती फळी आत जाते. हा परिच्छेद वाचून माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

आणि आत्ता हे लिहिताना सुचतंय: धमकावणारा तो ऑगमेंटेशन्स कोर्टाचा, म्हणजे मोडलेल्या मठांची मालमत्ता आणि पेन्शनी पाहणाऱ्या कचेरीचा, कारकून कशाला? जुन्या मठाच्या प्रमुख बाईच का नकोत? १५३६ पासून राजाची पेन्शन त्यांनाच तर चालू आहे. चिठ्ठी त्यांच्याच दारातून निघाली असेल तर मार्जरीचं तोंड बंद ठेवणं ही त्यांचीही गरज. दोघींच्या गळ्यात एकच फास! कारकून आता फक्त पैसे मोजून देईल. त्यासाठी तिसरं आणि नववं प्रकरण नव्यानं लिहावं लागेल, आणि मी आजच बसतेय. बिगडच्या उठावात हल आणि स्कारबरो ही बंदरं घ्यायचा बेत होता, तेव्हा चिठ्ठी स्कारबरोकडे नेते आहे. जानेवारीत त्या बाजूचे रस्ते कसे असत यावर कुणी काही वाचलं असेल तर जरूर कळवा.