खत न मागणारं झाड

भाद्रपद, गौरी-गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी

पडवीच्या खिडकीतल्या घटपर्णीने, म्हणजे माझ्या किडे खाणाऱ्या झाडाने, नवा कलश धरलाय. पान संपतं तिथून एक दोरा निघतो आणि त्याचं टोक वर वळून फुगतं. सध्या करंगळीच्या पेराएवढं आहे, तांबूस, झाकण घट्ट मिटलेलं. ते उघडायच्या आधीच आत रस तयार असतो. मग काठावर गोडवा सुटतो, मुंग्यांची ये-जा सुरू होते. काठ ओला झाला की मुंगीचा पाय ठरत नाही.

गणपतीला आलेल्या काकूंनी विचारलंच, "बाहेर एवढं रान माजलंय नि तू हे खिडकीत काय वाढवतेस? शेणखत घाल जरा." हापूसच्या कलमांना खत घालण्यात आयुष्य गेलेल्यांना हेच सुचणार. पण याच्या मुळाशी खत नकोच. निकस जमिनीतली जात ही, नायट्रोजन किड्यांकडून मिळवते.

काकूंना म्हटलं, आपल्या सड्यावर, त्या कातळाच्या माळावर बघा ना! जांभ्यावर बोटभर माती, तीही पावसाने धुतलेली. तिथे याच दिवसांत सीतेची आसवं जांभळी फुलतात आणि ओल्या मातीतल्या इवल्या पिशव्यांत बारीक जीव ओढून घेतात. दवबिंदू नावाच्या रोपट्याच्या पानांवर चिकट थेंब चमकतात. घटपर्णी लांबची खरी, पण तिची रीत सड्याचीच. भारतात तिची एकच जात रानात उगवते, नेपेंथिस खासियाना, तीही मेघालयात. माझं झाड नर्सरीत वाढवलेलं संकरित आहे. रानातून उपटलेलं मी घरात घेणार नाही, फुकट मिळालं तरी.

काकूंच्या नातीला कलशात मटणाचा तुकडा टाकायचा होता. तिला समजावलं, मुंगी पडली तर पचते, मटण आतच सडेल आणि कलश काळा पडेल. पटलं तिला.

मला खरी काळजी पाण्याची. किनाऱ्याजवळच्या आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, ते याला सोसत नाही. म्हणून पागोळ्यांचं पाणी पिंपात धरते, तोंडाला पंचा बांधून. कुंडीत घालायचे नारळाच्या सोडणांचे तुकडेसुद्धा त्याच पाण्यात भिजवून, पाणी बदलत खार काढून घेते. दिवाळीनंतर वारा कोरडा झाला की कुंडी न्हाणीघराच्या खिडकीत न्यायची. तोवर पाणी साठायला हवं. पिंप एकच आहे. हस्ताचा पाऊस सुरू व्हायच्या आत दुसरं आणते.