संग्रहाची छाननी : तिसऱ्या महिन्याची नोंद

पावसाळ्याची ओल गेल्यावर, गणपतीनंतर सुरू केलेली माझ्या गाण्यांच्या संग्रहाची छाननी आता तिसऱ्या महिन्यात आली असून, एकूण 640 वस्तूंपैकी लाखेच्या 118 ग्रामोफोन तबकड्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या, म्हणजे ‘78’) पाहून झाल्या, 212 एलपींपैकी (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या तबकड्या) निम्म्या झाल्या आणि कॅसेटच्या खोक्यांपाशी गाडी अडली आहे.

लाखेच्या तबकड्यांमधील दुहेरी प्रती वेगळ्या काढणे सोपे जाईल असे वाटले होते, परंतु केवळ लेबलावरचा क्रमांक पाहून निर्णय घेणे धोक्याचे असते, कारण एकच ध्वनिमुद्रण पुढे वेगळ्या क्रमांकाने किंवा वेगळ्या लेबलाखाली पुन्हा बाजारात आलेले असते. म्हणून प्रत्येक तबकडी दिव्याखाली तिरपी धरून, लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर उमटवलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा स्वतःचा क्रमांक, वहीत उतरवून घेतला. तेव्हा बालगंधर्वांच्या ज्या दोन तबकड्या मी इतकी वर्षे वेगळ्या समजत होतो, त्या एकाच ध्वनिमुद्रणाच्या निघाल्या. उलट एका नाट्यपदाच्या ज्या दोन प्रती सारख्या समजून त्यांतील एक विक्रीच्या ढिगात टाकली होती, त्यांचे मॅट्रिक्स क्रमांक निराळे होते आणि तबकडीच्या एका बाजूच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या त्याच मर्यादेत गायिकेने दुसऱ्या वेळी तान वेगळी घेतलेली आहे. ती प्रत अर्थातच परत कपाटात गेली.

दुसरा धडा सुईचा. एलपीसाठीची बारीक सुई 78च्या रुंद खाचेत तळाशी घासत जाते आणि तिथे साचलेली झीज व धूळच अधिक ऐकवते. ‘टाकाऊ’ असा शिक्का मारलेल्या तबकड्या 3 मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुईने पुन्हा वाजवून पाहिल्या, तेव्हा त्यांतील 14 सहज ऐकण्याजोग्या निघाल्या. काठापासून आत तडा गेलेली तबकडी मिनिटाला 78 ठोके देते. दुसरी प्रत मिळण्यासारखी नसेल तरच मी ते ठोके सहन करतो. एक तबकडी मात्र माझ्याच घाईने गेली : बुरशी पुसण्यासाठी स्पिरिट वापरले आणि लाख स्पिरिटात विरघळते हे तिची चकाकी गेल्यावर आठवले. अखेर 71 ठेवल्या, 29 इतर संग्राहकांना दिल्या आणि 18 टाकल्या.

एलपींविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या 40 एलपी एकाच व्यापाऱ्याला विकल्या. त्याने सगळा भाव कव्हर पाहून केला, एकदाही सुई टेकवली नाही. भावगीतांच्या एलपींना त्याने हातही लावला नाही, त्यामुळे त्या घरीच आहेत, आणि त्याचे मला दुःख नाही.

खरी अडचण कॅसेटची आहे. एकूण 310 कॅसेटपैकी 269 छापील आहेत आणि त्यांतील गाणे कुणा ना कुणाकडे असणारच. उरलेल्या 41 माझ्या थोरल्या काकांनी 1983 ते 1991 या काळात घरगुती बैठकांत ध्वनिमुद्रित केल्या आहेत. बाजारात त्यांची किंमत शून्य, आणि दुसरी प्रत कुठेही नाही. सगळ्यात दुर्मीळ वस्तू म्हणून मी आजवर काचेच्या कपाटात तबकड्या मांडत होतो व या कॅसेट माळ्यावर बुटांच्या खोक्यात होत्या, हे लिहिताना संकोच वाटतो.

पहिले काम म्हणून त्यांच्या मागच्या कडेचे टॅब मोडले, म्हणजे चुकून वर दुसरे काही मुद्रित व्हायला नको. बऱ्याच कॅसेटमधील फितीला यंत्राच्या ध्वनी वाचणाऱ्या हेडवर दाबून धरणारी गादी गळून पडली आहे. त्यामुळे छापील कॅसेट एकदम रद्दीत घालण्याचा बेत सोडला आणि ज्यांची प्लॅस्टिकची खोकी स्क्रूने जोडलेली आहेत त्या दात्या म्हणून बाजूला ठेवल्या : त्यांची फीत काढायची आणि काकांची फीत चाकांसकट त्या खोक्यात बसवायची. सी-60च्या, म्हणजे एकूण 60 मिनिटांच्या, फितीला हे चालते. सी-120ची फीत इतकी पातळ असते की हातात धरली की गुंडाळू लागते, म्हणून तसल्या दोन कॅसेट सराव होईपर्यंत मागे ठेवल्या आहेत.

आजवर 9 कॅसेट संगणकावर उतरवून झाल्या. दात्या कॅसेट मात्र संपत आल्या आहेत, म्हणून पुढच्या रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाणार आहे. तिथे मिळणाऱ्या कॅसेटमध्ये गाणे कोणतेही असले तरी चालेल. खोके चिकटवलेले नसावे, स्क्रूचे असावे.