एक घागर पाणी

घरोघरी पोत्यांत भाजी लावून द्यायच्या परसबागेच्या कामात माझं हे चौथं वर्ष. बिया वाटणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. खरी मेहनत पोत्यातल्या मातीची. निव्वळ माती भरली की भिजल्यावर पोतं दोघांना हलत नाही, म्हणून आम्ही दोन पाट्या पोयटा, एक पाटी मुरलेलं शेणखत आणि एक पाटी रसवंतीवरची चिपाडं असं मिश्रण करतो. चिपाडं बारीक तोडून, शेणकाला शिंपडून चार महिने कुजवायची. कच्ची घातली तर कुजताना मातीतलं नत्र तीच ओढून घेतात आणि मेथी पिवळी पडते. हे मिश्रण बसवायला मला दोन उन्हाळे लागले.

त्या गुरुवारी अकराला देणगीदारांकडचे पाहुणे येणार होते. त्यांना दाखवायला मी जयंती नाल्यालगतच्या गल्लीतलं एक घर निवडलं होतं. आठ पोती, तळहाताएवढी पालकाची पानं, काळीभोर हिरवी. साडेसहालाच पोहोचले, तर त्या घरच्या वहिनी नाल्याकडून बादली घेऊन वर येत होत्या. कोल्हापूर शहराचं सांडपाणी पंचगंगेकडं नेणारा हा नाला.

"रोज पहाटंच आणतो ताई, कोण बघायच्या आत. नळाला तासभर पाणी, त्यात काय काय करू?"

माझे हातपाय गळाले. त्यांच्या दोन वर्षांच्या मुलीचा दंडघेर दोन महिन्यांत 12.1 वरून 11.9 सेंटिमीटरवर आला होता. कुपोषण बघायला दंडाला गुंडाळतात ती पट्टी 12.5 च्या खाली पिवळी, म्हणजे मध्यम कुपोषण, आणि 11.5 च्या खाली लाल, म्हणजे तीव्र. अधूनमधून जुलाब होतात असं त्या सांगायच्या. मी 'पालक वाढवा, वर लिंबू पिळा, लोह अंगी लागतं' एवढंच सांगून यायची. पालक निदान शिजते. कोथिंबीर तर आमटीवर कच्चीच पडत होती. जुलाब त्यानंच झाले असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण ती बादली डोळ्यांपुढून हलत नाही.

पाहुणे आले, फोटो काढले, गेले. मी तोंड उघडलं नाही. वरिष्ठांनी आठवडाभर त्या भेटीची तयारी करून घेतली होती, पण गप्प बसले ती मी. पाहुणे गेल्यावर वहिनींना सांगितलं, सगळं उपटा, मातीही बदलू.

"मग म्हैनाभर खाल्ली ती?"

सरकारी दवाखान्यात नेऊन मुलीला तपासून आणलं. पालेभाजीला धुण्याभांड्याचं साबणाचं पाणी चालत नाही, तांदूळ-डाळ धुतलेलं चालतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बसून सांगितलं. पण ते पाणी निघतं तांब्या-दोन तांब्ये. उन्हाळ्यात पोत्याला दिवसाला दीड-दोन लिटर लागतं, म्हणजे आठ पोत्यांना भरली घागर. आमच्या अर्जात कुटुंबातली माणसं, ऊन किती तास, आवडीच्या भाज्या, सगळं आहे. पाणी कुठून, हा रकानाच नाही. अर्ज बनवणाऱ्यांच्या घरी नळ चोवीस तास असणार.

पुढच्या दोन दिवसांत तीच गल्ली पुन्हा फिरले. आणखी तीन घरी तीच बादली.

वहिनींकडं आता दोनच पोती आहेत, शेवगा आणि अळू. शेवगा कमी पाण्यावर तगेल. अळूचं मात्र मला पटलेलं नाही, त्याला पाणी हवंच, पण त्यांनी हट्टानं लावलंय.

"घागरभर पाणी झाडाला घालू का पोरीच्या अंघोळीला, तुमीच सांगा," त्या म्हणाल्या होत्या.

नव्या हंगामाची पोती भरून तयार आहेत. त्या गल्लीची मी अजून टेम्पोत चढवलेली नाहीत.