जामिनावर सुटला आणि पुन्हा चाकू चालवला, आता धरायचं कोणाला?

नागपुरात असं काही घडलं की पानठेल्यावर पहिली शिवी जामीन देणाऱ्या न्यायाधीशाला पडते. पण १९८५ च्या न्यायाधीश संरक्षण कायद्यामुळे न्यायदानाच्या कामाबद्दल तुम्हाआम्हाला त्यांच्यावर दावा लावता येत नाही. आदेश चुकला असेल तर वरचं कोर्ट आहे.

मग जामीनदार? तो नव्या गुन्ह्यात आरोपी होत नाही. अडकतो तो बंधपत्रावरच्या रकमेपुरता. बंधपत्रातली अट मोडली हे कोर्टाला पटलं, तर बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ खाली बंधपत्र जप्त होतं आणि कारणे दाखवा नोटीस येते. पैसे भरले नाहीत तर दंडासारखी वसुली, तीही झाली नाही तर सहा महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. पोरगा हाताबाहेर चाललाय असं दिसताच कलम ४८९ खाली अर्ज देऊन जामीनदारकीतून मोकळं होता येतं. हे बहुतेकांना नोटीस आल्यावरच कळतं.

खरी गळती वेगळीच आहे. समजा, जामीन सक्करदरा ठाण्याच्या केसमध्ये आणि नवा गुन्हा कळमना ठाण्यात. कळमना पोलीस आपल्या गुन्ह्यात पीसीआर (पोलीस कोठडी) घेतात, पुढे एमसीआर (न्यायालयीन कोठडी) होतो. जुना जामीन मात्र जसाच्या तसा राहतो, तो आपोआप रद्द होत नाही. त्यासाठी सक्करदऱ्याच्या तपास अधिकाऱ्याने सरकारी वकिलामार्फत अर्ज करायला हवा: मॅजिस्ट्रेटने सोडलं असेल तर त्याच कोर्टात कलम ४८०(५) खाली, नाहीतर सत्र न्यायालयात किंवा हायकोर्टात ४८३(३) खाली. या ठाण्याने त्या ठाण्याला कळवलंच नाही तर अर्ज करणार कोण?

अर्ज केला तरी नुसता एफआयआर जोडून भागत नाही. ‘खोटा गुंतवलाय’ हे बचावाचं उत्तर तयारच असतं. जामीन आदेशातली मोडलेली अट, साक्षीदारांचे जबाब, हत्यार जप्तीचा पंचनामा असं सगळं लागतं. नव्या जामीन अर्जावरचा पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, तेही तसंच. ‘आरोपी सराईत आहे’ या एका ओळीने कोर्टाला काय कळणार? जुन्या प्रत्येक केसचा गुन्हा क्रमांक, कलमं, ठाणं आणि केस कुठवर आली हे त्यात हवं.

‘हा पुन्हा सुटेल’ ही धास्ती कुठवर जाते, हे या शहराने १३ ऑगस्ट २००४ ला पाहिलंय. कस्तुरबानगर वस्तीला छळणारा गुंड जिल्हा न्यायालयातच जमावाच्या हातून मारला गेला.

जुन्या केसच्या फिर्यादीलाही जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. आधी नक्कल विभागातून जामीन आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि त्यातल्या अटी वाचा.