मधलं अक्षर

आमच्या गल्लीतल्या सराफाचं आडनाव सराफ नाही. आणि माझ्या ओळखीचे एकुलते एक सराफ बँकेतून निवृत्त झाले. तसे तेच मूळ धंद्याच्या जास्त जवळ म्हणायचे, कारण अरबीतला सर्राफ नाणी बदलून देणारा. दागिने त्याला नंतर चिकटले.

सर्राफ. मधला र दुहेरी. अरबी शब्दाचं मूळ, म्हणजे व्याकरणातला धातू, बहुधा तीन व्यंजनांचा. मधल्यावर जोर दिला की तेच काम रोज, पुन्हा पुन्हा करणारा माणूस उभा राहतो. खुब्ज म्हणजे भाकरी, ती भाजणारा खब्बाज. हदीद म्हणजे लोखंड, ते ठोकणारा हद्दाद. सुतार तो नज्जार. लिहिताना त्या अक्षराच्या डोक्यावर शद्दा नावाची बारीकशी खूण येते. हातोड्याचा दुसरा घाव तिथेच पडत असावा, असं मला उगाचच वाटतं.

धंदा सुटतो, नाव सुटत नाही. 1048 साली निशापूरला जन्मलेला उमर खय्याम गणितं सोडवत आणि तारे न्याहाळत राहिला. खय्याम म्हणजे मात्र तंबू शिवणारा. पॅलेस्टाइनमधल्या अक्को बंदराचा तुर्की सुभेदार अहमद पाशा, त्याचं उलटं. 1799 साली त्याच्या तटाशी नेपोलियननं हात टेकले. त्याला जज्जार म्हणजे खाटीक म्हणत, पण ते काही बोकड कापायचा म्हणून नव्हे!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉन-सीरियातली माणसं बोटीत बसून अमेरिका खंडांत गेली, तशी ही नावंही गेली. 2023 साली ब्राझीलचे अर्थमंत्री झाले ते फर्नांडो हद्दाद. लोहाराच्या हाती देशाची तिजोरी.

आपल्याकडे हे शब्द फारसीचं बोट धरून आले आणि आपण त्यांच्यातला जोरच काढून टाकला. दल्लालचा दलाल, हम्मालचा हमाल, सर्राफचा सराफ. अत्ताराचा त तेवढा वाचला. यातले सराफ, दलाल, अत्तार आडनावं होऊन दारावरच्या पाट्यांवर जाऊन बसले. हमाल आडनावाची पाटी मला अजून कुठे दिसलेली नाही. ओझं उचलणारा खालीच राहिला.

परवा आमचं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायला दोघे हमाल आले होते. पाणी देता देता त्यातल्या थोरल्याला सहज आडनाव विचारलं. पदरानं पुसावा तसा पंच्यानं घाम पुसत तो म्हणाला, "सुतार."