दुकानातली यंत्रं वर्षाला किती खातात: आमच्या सांगलीच्या दुकानाचा हिशेब

मारुती रोडच्या आतल्या गल्लीत आमचं किराणा-भुसाराचं दुकान आहे. सासऱ्यांच्या उमेदीच्या काळात तिथं यंत्र म्हणावं असं फारसं काही नव्हतं. आता काउंटरवर इलेक्ट्रॉनिक काटा, बिलाचा कॉम्प्युटर, थर्मल प्रिंटर, मागे काचेच्या दाराचा कूलर (थंड मालाचा उभा फ्रीज), डीप फ्रीझर, चार पंखे, इन्व्हर्टर, कॅमेरे आणि भडंगाची पाकिटं बंद करायचं सीलिंग मशीन. शेजारचा गाळा मिळाला, दुकान वाढवायचं ठरलं आणि नव्या सामानाची कोटेशनं यायला लागली. प्रत्येक कोटेशनच्या तळाशी एकच आकडा असायचा, किंमत. हे यंत्र आमच्याकडं दहा वर्षं राहिलं तर एकूण किती घेऊन जाईल, हे कुणीच लिहून देत नव्हतं. मग मीच एक लांब वही घेतली, प्रत्येक यंत्राला एक पान दिलं आणि कामाला लागले.

सुरुवात विजेच्या बिलापासून केली. दुकानाचं कनेक्शन व्यापारी दराचं असतं आणि तो दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागून जो दर येतो, तो या कामाला चालत नाही. स्थिर आकार यंत्र चालू असो वा बंद, भरावाच लागतो. यंत्र बदलून वाचतो तो वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्या युनिटांवर लागणारं वीज शुल्क. हे शुल्कही व्यापारी ग्राहकाला घरगुतीपेक्षा जास्त टक्क्यानं लागतं. एवढंच धरून आमचा आकडा युनिटला १२ रुपयांच्या आसपास आला. पुढचे सगळे हिशेब मी याच दरानं केले. दर वाढत जाणार हे खरं, पण कमीत कमी किती हे तरी त्यातून कळतं.

मग मोजणी. आमचा वायरमन टाँग टेस्टर (वायरीभोवती धरून करंट मोजायचं यंत्र) लावून बघत होता, पण फ्रीझरच्या बाबतीत त्यावरून अंदाज येत नाही, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत राहतो. त्या क्षणी किती करंट ओढतोय यापेक्षा चोवीस तासांत किती युनिटं गेली हे महत्त्वाचं. प्लगमध्ये बसणारं छोटं युनिट-मीटर मिळतं, ते आणलं आणि एकेका यंत्राला आठवडाभर लावून ठेवलं. एप्रिलमध्ये आणि पुन्हा पावसाळ्यात, दोन्ही वेळा. सांगलीच्या उन्हाळ्यात हाच फ्रीझर पावसाळ्यापेक्षा किती जास्त वेळ धडधडतो, ते आकड्यात बघितल्यावर पटलं.

जुना कूलर वर्षाच्या सरासरीनं दिवसाला ५ युनिटं घेत होता. म्हणजे वर्षाला १,८२५ युनिटं, २१,९०० रुपये. दहा वर्षं तसाच ठेवला तर दोन लाखांच्या वर नुसती वीज. त्याच मापाचा नवा कूलर ओळखीच्या एका दुकानात चालू होता, त्यांना विनंती करून तिथं मीटर लावला. दिवसाला ३ युनिटं. वर्षाचे १३,१४०. फरक ८,७६० रुपयांचा, आणि नव्याची किंमत तीस हजारांच्या आत-बाहेर. साडेतीन वर्षांत पैसे परत.

मामा (आमचे सासरे) म्हणाले, "अगं, चालतोय की अजून. चालता फ्रीज कशाला काढायचा?" त्यांचं म्हणणं मी सोडून दिलं नाही, कारण जुन्या यंत्रात बराच खर्च दुरुस्तीनं कमी होतो आणि तो आधी करून बघायलाच हवा. दाराचं रबर तपासायला दारात दहाची नोट धरून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज सुटून आली तर तिथून थंडावा बाहेर जातोय. आमच्या कूलरची नोट खालच्या कोपऱ्यात अलगद निघत होती. रबर बदललं. मागची कंडेन्सरची जाळी पीठ आणि मिरचीच्या धुळीनं भरली होती, किराणा दुकानात ती भरतेच. ती ब्रशनं साफ केली. कूलर भिंतीपासून वीतभर पुढं ओढला, म्हणजे गरम हवेला वाट मिळाली. आतली जुनी ट्यूब काढून एलईडी पट्टी टाकली, ट्यूबची उष्णता शेवटी कूलरलाच बाहेर फेकावी लागते. एवढ्यानं ५ चे ४ युनिटांवर आलं. खर्च किरकोळ, आणि वर्षाला साडेचार हजारांच्या जवळपास बचत. मग नवा कूलर घ्यायची घाई उरली नाही. शेजारच्या गाळ्यासाठी नवा घेतला आणि जुना आहे तिथं ठेवला.

गॅसबद्दल इथं लिहायलाच हवं, कारण आपल्याकडं पुष्कळ दुकानदार दर उन्हाळ्याला गॅस भरून घेतात. फ्रीजमधला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. एक मेकॅनिक आला आणि आल्या आल्या म्हणाला, "वहिनी, गॅस संपलाय, भरून देतो." मी विचारलं, लीक कुठं आहे? त्याला ते बघायचं नव्हतं. दुसऱ्याला बोलावलं. तो मिरजेहून आला, साबणाच्या फेसानं जोड तपासले, एका जोडाला ब्रेझिंग केलं (धातू वितळवून जोड पक्का केला), नळ्यांतली हवा ओढून व्हॅक्यूम काढला आणि मगच गॅस वजनावर मोजून भरला. पैसे जास्त घेतले. पण माझ्या वहीत ते पैसे एकदाच लिहिलेत. नव्या यंत्रांमध्ये आर-२९० किंवा आर-६००ए येतो, हे गॅस पेट घेणारे असतात, त्यामुळं त्यांची दुरुस्ती कुणाच्याही हातात देऊ नये. कोटेशन घेताना कोणता गॅस आहे आणि तो हाताळणारा माणूस सांगलीत आहे का, हे मी विचारते. माणूस पुण्याहून येणार असेल तर त्याच्या येण्या-जाण्याचा खर्च आणि तोवर खराब होणारा माल, दोन्ही त्या यंत्राच्या पानावर जातात.

डीप फ्रीझर काचेच्या झाकणाचा घ्यायचा की बंद झाकणाचा, यावर घरात बराच खल झाला. काचेतून माल दिसतो, गिऱ्हाईक उचलतं. पण काचेतून उष्णताही आत येते, त्यामुळं त्याच मापाचा काचेचा फ्रीझर जास्त वीज घेतो. शेवटी दर्शनी छोटा काचेचा आणि मागे साठ्याला बंद झाकणाचा, असं केलं. बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं) स्टार लेबल आता डीप फ्रीझरवरही बघायला मिळतं आणि त्यावर वर्षाची युनिटं छापलेली असतात. ती प्रयोगशाळेतली असतात, आपल्या दुकानात झाकण दिवसाला कितीदा उघडतं हे त्यांना ठाऊक नसतं. तरी दोन मॉडेलांची तुलना करायला ते लेबल चांगलं.

सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो 'फुकट' फ्रीझरनं. आइस्क्रीम आणि थंड पेयांच्या कंपन्या अनामत घेऊन फ्रीझर देतात, आत त्यांचाच माल ठेवायचा. यंत्र त्यांचं, वीज आपली. असा फ्रीझर दिवसाला ४ युनिटं घेत असेल तर वर्षाला १७,५२० रुपये. आम्हाला त्या मालात पंधरा टक्क्यांच्या आसपास सुटतं. म्हणजे नुसती वीज भरून काढायला वर्षाला १ लाख १७ हजारांचा माल विकला पाहिजे, त्याच्या पुढची विक्री झाली तरच आमच्या पदरात काही. शाळेजवळच्या दुकानाला हे सहज जमेल. आमच्या गल्लीत मार्च ते मे सोडले तर जमत नाही. आम्ही तो फ्रीझर घेतला नाही आणि ती जागा सोलापूरच्या शेंगा-चटणीला आणि तासगावच्या बेदाण्याला दिली. बेदाणा उन्हाळ्यात बाहेर राहिला तर काळा पडतो, पण तेवढे दिवस तो कूलरच्या खालच्या कप्प्यात मावतो, त्याला वेगळं यंत्र लागत नाही.

पंख्यांचं पान लिहायला घेतलं तेव्हा त्यातून फार निघेल असं वाटलं नव्हतं. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. चार पंखे, बारा तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर ६४८ युनिटं वाचतात, पावणेआठ हजार रुपये. पंखे बारा हजारांत आले. दीड वर्षात पैसे मोकळे. तारीफ व्हावी असं हे यंत्र नाही, पण गाळ्यातला सगळ्यात चांगला सौदा हाच ठरला.

इलेक्ट्रॉनिक काट्याला वीज जवळपास लागतच नाही, त्याचा खर्च वेगळा. दर १२ महिन्यांनी वैधमापन शास्त्र विभागाकडून तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो. त्याची फी, त्याआधी परवानाधारक दुरुस्तीवाल्याची फी, आणि प्रमाणपत्र दुकानात दिसेल असं लावणं. काट्याच्या पोटात छोटी बॅटरी असते, ती पूर्ण उतरू दिली की लवकर मरते. रोज रात्री चार्जिंगला लावायची सवय ठेवली तर जास्त टिकते. स्वस्त काटा घेताना त्याचा लोडसेल (वजन ओळखणारा भाग) आणि बोर्ड इथं मिळतात का, हे विचारावं. दोन ठिकाणी याचं उत्तर "कंपनीकडं पाठवावं लागेल" असं आलं. तेवढे दिवस दुकान कशावर तोलणार?

थर्मल प्रिंटर उष्णतेनं छापतो, त्याला शाई लागत नाही, रोल लागतो. हलक्या कागदाचा रोल प्रिंटहेड घासतो आणि हेडची किंमत अर्ध्या प्रिंटरएवढी. त्यात थर्मल कागदावरची अक्षरं उष्णतेनं पुसट होतात. गणपती पेठेतले काही घाऊक व्यापारी आता आम्हाला थर्मल बिलं देतात. जीएसटीच्या कायद्यानं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रं सांभाळायची असतात, तोवर त्या बिलावर एक अक्षर राहत नाही. म्हणून आलेलं बिल त्याच दिवशी स्कॅन करते. सॉफ्टवेअरचं वार्षिक नूतनीकरण, यूपीआयच्या साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं, कॅमेऱ्यांची हार्डडिस्क, सीलिंग मशीनचा टेफ्लॉनचा पट्टा, इन्व्हर्टरच्या बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर आणि चार-पाच वर्षांनी नवी बॅटरी. एकेक बघितलं तर हे क्षुल्लक वाटतं. वहीत एकाखाली एक लिहून बेरीज केली तर एका छोट्या फ्रीझरची वर्षाची वीज निघते.

कराबद्दल विक्रेते दोन गोष्टी हमखास सांगतात: जीएसटी परत मिळेल आणि घसारा (यंत्र जुनं होत जातं त्याची उत्पन्नातून वजावट) मिळेल. आम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) आहोत, उलाढालीवर एक टक्का कर भरतो, आम्हाला खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही. तेव्हा यंत्राचा, सुट्या भागांचा आणि एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) जीएसटी हा आमचा खर्चच. घसाऱ्याचं आमच्या सीएंनी नीट समजावलं. अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीनं (उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून) रिटर्न भरणाऱ्याला घसारा वेगळा मागता येत नाही, तो त्यातच दिला गेल्याचं धरतात. तुमचं रिटर्न वेगळ्या पद्धतीचं असेल तर गणित वेगळं येईल. ते आपल्या सीएंना विचारूनच किंमत ठरवावी, विक्रेत्याच्या सांगण्यावर नव्हे.

आता सांगलीचं खास पान, पूर. कृष्णेवरच्या इरविन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला पुन्हा बाजारपेठेत शिरलं. कूलर असो वा फ्रीझर, कॉम्प्रेसर बहुधा तळाला असतो, म्हणजे सगळ्यात महाग भाग सगळ्यात आधी बुडतो. त्यामुळं दहा वर्षांचा हिशेब करताना आमच्या भागात एक प्रश्न जास्त विचारावा लागतो: हे यंत्र दोन माणसांना उचलून माळ्यावर नेता येईल का? तीन दारांचा एक मोठा कूलर लिटरमागे स्वस्त पडत होता, वीजही थोडी कमी. तरी आम्ही लहान घेतला. प्लगचे पॉइंट छातीच्या उंचीवर घेतले, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि इन्व्हर्टर माळ्यावर नेले. लांब वायरिंगचा खर्च त्या-त्या यंत्राच्या पानावर लिहिला. विम्यात पूर आहे ना, आणि यंत्रं आजच्या किमतीला धरलीत की घसारा वजा करून, हे पॉलिसी समोर ठेवून एजंटकडून वाचून घेतलं. दुसऱ्या प्रकारात बुडालेल्या सात वर्षांच्या कूलरचे जे पैसे येतात त्यात नवा येत नाही.

एएमसीच्या बाबतीत मी अजून दोन्ही बाजूंनी विचार करते. सुट्या भागांसह असलेली एएमसी महाग, नुसत्या मजुरीची स्वस्त. वॉरंटीच्या काळात एएमसी घेण्यात काही अर्थ दिसत नाही. त्यानंतर फ्रीझरला घेतली, पंख्यांना आणि काट्याला नाही.

सध्या सोलरचं पान उघडलंय. एका किलोवॉटला दिवसाला सरासरी ४ युनिटं धरतात, म्हणजे तीन किलोवॉटमध्ये आमची थंड यंत्रं जवळपास निघतील. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती कनेक्शनला आहे, दुकानाला नाही, त्यामुळं पूर्ण किंमत आमची. शिवाय गच्ची घरमालकांची आहे. ते तयार आहेत, पण करार निदान दहा वर्षांचा आणि लेखी हवा असं मी म्हटलंय. त्याचा मसुदा वकिलांकडं आहे. तो हातात आल्याशिवाय कोटेशनवाल्यांना आगाऊ रक्कम द्यायची नाही, असं मामांचंही म्हणणं आहे.